ज्याचा त्याचा पिंड

आपल्या मराठीत एक मोठे समजूतदार क्रियापद आहे: मानवणे. हवा मानवते, पाणी मानवते, औषध मानवते. किंवा मानवत नाही. एकाला महाबळेश्वरची हवा मानवते आणि त्याच्याच पाठच्या भावाला तेथे दोन दिवसांत सर्दी धरते. एकजण वांग्याच्या भरतावर तुटून पडतो आणि दुसऱ्याच्या अंगावर त्याच भरताने गांधी उठतात. आमची आजी अशा वेळी कारणे शोधीत बसत नसे. "ज्याचा त्याचा पिंड" म्हणून ती पुढच्या कामाला लागे. ह्या बोलण्यात दोष ना भरताला जातो, ना खाणाऱ्याला. मी वर्गात शब्दांच्या छटा शिकविते. पण ह्या शब्दाची खरी किंमत मला गेल्या तीन वर्षांत कळली, ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे, अक्कामुळे.

अक्काला स्तनाचा कर्करोग झाला. गाठ लहान होती, वेळेवर सापडली, शस्त्रक्रिया करून काढली. मग डॉक्टरांनी सांगितले, आता शेक घ्यायचा. रेडिओथेरपीला रुग्णालयात येणारी आपली माणसे शेक म्हणतात; कोणी 'लाईट घेतली' असेही म्हणतात. 'शेक' ह्या शब्दात तव्यावर गरम केलेल्या फडक्याची ऊब आहे, बाळंतिणीची खोली आहे. हा शेक मात्र अगदी निराळा. टेबलावर निजायचे, यंत्र अंगाभोवती फिरते, काही मिनिटांत सारे आटोपते आणि अंगाला काहीही जाणवत नाही. जे काही जाणवायचे ते नंतर, सावकाश.

अक्काला पंधरा शेक होते. शनिवार-रविवार सोडून रोज एक, असे तीन आठवडे. एकूण मात्रा ४० ग्रे. (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप, लुई हॅरल्ड ग्रे ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेले.) तिच्या आगेमागे त्याच यंत्रावर कऱ्हाडच्या एका काकूंचा नंबर असे. वय तेच, दुखणे तेच, मात्रा तीच, शेकांची संख्याही तीच. बाहेरच्या बाकावर दोघींची गट्टी जमली. काकू डब्यातून दशम्या आणीत, अक्का भडंग नेई.

दहाव्या शेकानंतर अक्काची कातडी काळवंडली आणि हुळहुळू लागली. तेराव्याला स्तनाखालच्या वळीत ती सोलवटली, पाणी सुटले. पदराचा स्पर्श सोसेना. आणि काकू? त्यांची कातडी किंचित सावळी झाली होती, एवढेच. त्या रोज एस.टी.ने भाचीच्या घरून येत, संध्याकाळी भाचीच्या पोरांना पाढे शिकवीत.

आपल्याकडे अशा वेळी दुःखापेक्षा चौकशी भारी पडते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीपाशी एकेक कारण तयार होते. लोणचे खाल्ले असेल. उष्ण पडले. डोक्यावरून आंघोळ केली. पाण्यात तुळशीचे बी घातले नाही. एका दूरच्या नणंदेने तर "मन शांत ठेवलं नाही, म्हणून अंगावर आलं" असा निवाडाच दिला. अक्का मुळात पापभीरू. एके रात्री ती मला म्हणाली,

"अगं, त्यांनी सोसलं, मग मला का नाही? माझंच काही चुकलं असेल का?"

तिच्या ह्या प्रश्नामुळे मी वाचू लागले. डॉक्टरांना विचारले, त्यांनी सुचविलेले निबंध मिळविले, त्यांतले न कळलेले पुन्हा विचारले. मराठीच्या अध्यापिकेने जीवशास्त्रात डोके घालावे ह्याची माझ्या सहकाऱ्यांना गंमत वाटली. पण जुनी पोथी लावताना तरी आपण निराळे काय करतो? एकच मजकूर दोन प्रतींत थोडा वेगळा का उतरला, हेच शोधतो ना?

क्ष-किरणांचा शोध रंटगेनने १८९५ मध्ये लावला आणि वर्षभराच्या आतच ते रोगांवर वापरण्याचे प्रयत्न सुरू झाले. रेडियम सापडले १८९८ मध्ये. तेव्हा ह्या किरणांचे माप कसे घ्यावे हेच कोणाला ठाऊक नव्हते. मग डॉक्टरांनी एक सोपी युक्ती काढली: कातडी लाल होईपर्यंत किरण द्यायचे. जेवढ्याने कातडी लाल होते तेवढी एक मात्रा. रंटगेनच्याच नावाचे भौतिक माप १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केले. तोवर माणसाची कातडी हाच तराजू होता. मला ही हकीकत वाचून मोठी मौज वाटली आणि थोडे भयही. तराजूच माणसागणिक वेगळा! शिवाय लाली दिसायची ती गोऱ्या कातडीवर. आपल्या सावळ्या अंगावर ती लाली म्हणून दिसतच नाही, काळेपणा म्हणून दिसते आणि पुष्कळदा उशिरा ध्यानात येते. अक्काची आग दहाव्या शेकाला दिसली. पण ती दोन दिवस आधीपासून सांगत होती.

रोज थोडा थोडा शेक का, एकदाच का नाही, ह्याचे उत्तर एका मेंढ्याने दिले आहे. पॅरिसमध्ये क्लोद रगो ह्या शास्त्रज्ञाला असे आढळले, की मेंढ्याला एकाच बैठकीत किरण देऊन वांझ करावे तर वरची कातडी जळते; तेच किरण अनेक दिवसांत वाटून दिले तर काम होते आणि कातडी वाचते. निरोगी पेशी रात्रीतून आपली डागडुजी करतात. रोगट पेशींना ती तितकीशी साधत नाही. ह्या मेंढ्याच्या पुण्याईवर पुढचे सगळे उभे आहे. १९२० च्या दशकात पॅरिसलाच आंरी कुतार ह्यांनी ह्याच रीतीने घशाचे कर्करोग बरे करून दाखविले.

मग डागडुजी हा सगळ्याचा कणा झाला. किरण पेशीत शिरतात आणि तिच्यातले डी.एन.ए.चे दुपेडी सूत तोडतात. एक ग्रे मात्रेने एका पेशीत एकेरी तुटी हजाराच्या घरात होतात. दोन्ही पेड एकदम तुटण्याचे प्रकार त्या मानाने थोडे, पन्नासाच्या आतच. पण घात करतात ते हेच. पेशीपाशी ह्यासाठी रफूगार आहेत. कोणी तूट झाल्याची वर्दी देतो, कोणी टोके धरून ठेवतो, कोणी शेवटची गाठ मारतो. ह्या रफूगारांच्या कृती आपल्याला आईबापांकडून येतात. आता घरोघरच्या रफूचा हात सारखा कसा असेल?

तो सारखा नसतो ह्याचा पहिला पुरावा मुलांच्या दुःखातून मिळाला. अॅटॅक्सिया तेलंजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. मूल चालू लागते ते झोकांड्या खात. पुढे डोळ्यांच्या पांढऱ्यावर लाल शिरांचे जाळे दिसू लागते. आणि ह्या मुलांना रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग जडण्याचे प्रमाण फार मोठे. साहजिकच डॉक्टरांनी अशा मुलांना नेहमीच्या मात्रेत किरण दिले. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. नेहमीच्या मात्रेने त्याच्या अंगाची जी दशा झाली ती कोणीही कल्पिली नव्हती. १९७५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या कातडीच्या पेशी काचपात्रात वाढवून दाखविले, की इतरांच्या पेशी ज्या मात्रेत तगतात त्या मात्रेत ह्या मरतात. आणि १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शायलो ह्यांच्या चमूला त्या दोषाचे जनुक सापडले. त्याचे नाव ए.टी.एम. आपल्याला ही अक्षरे बँकेच्या दारावर दिसतात. पेशीत त्यांचे काम वर्दी देण्याचे. सूत तुटले की घंटा वाजवायची. ह्या मुलांत घंटाच वाजत नाही.

ह्या मुलांच्या अंगावर निदान खुणा होत्या. मला जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका मुलाने. १९९० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. दिसण्या-वागण्यात, वाढीत कोठे काही उणे नव्हते. शेक दिल्यावर त्याचे शरीर त्या शेकानेच खचले आणि तो गेला. त्याच्या पेशी प्रयोगशाळेत जपून ठेवल्या होत्या. नऊ वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यांत दोष सापडला: तुटलेली दोन टोके सांधून शेवटची गाठ मारणारे लायगेज-४ हे प्रथिन अधू होते. म्हणजे वरून पाहता कळण्याचा काही मार्गच नव्हता. त्या मुलाच्या घरीही कोणी म्हणाले असेल का, की काहीतरी खाण्यात आले?

असे मोठे दोष फार विरळा असतात. अक्काच्या जातीची माणसे पुष्कळ, त्यांचे काय? ह्याचे एक सुरेख उत्तर स्वीडनमध्ये गोटेबोर्ग येथे इंगेला तुरेसाँ ह्यांच्या कामातून मिळाले. स्तनाच्या कर्करोगाच्या काही स्त्रियांना छातीच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना किरण द्यावे लागले होते. पुढे वर्षानुवर्षे त्या ठिकाणी कातडीवर बारीक लाल शिरा किती उमटतात हे पाहिले. एकाच मात्रेने बाई बाईत जमीन-अस्मानाचा फरक. पण एकाच बाईच्या दोन बाजू मात्र एकमेकींसारख्या. म्हणजे फरक यंत्राचा नव्हे, नशिबाचाही नव्हे. तो त्या बाईचा स्वतःचा. आमच्या आजीला हे सांगितले असते, तर "मग मी काय म्हणत होते?" असेच ती म्हणाली असती.

तरी सगळेच जन्मजात नसते, हेही सांगितले पाहिजे. तंबाखू, मधुमेह, अंगाची ठेवण, स्तनाचा आकार, बरोबर चालू असलेली औषधे ह्यांनीही फरक पडतो. वळीत कातडीला कातडी घासते, म्हणून तेथे आधी सोलते. अक्काच्या बाबतीत ह्यातले काही होतेच. लोणचे मात्र ह्या यादीत मला कोठे आढळले नाही.

आता मात्रा ठरते कशी, हे ऐकण्यासारखे आहे. १९६८ मध्ये रुबिन आणि कॅसरेट ह्या अमेरिकन डॉक्टरांनी एक हिशेब रूढ केला: प्रत्येक इंद्रियाला अशी मात्रा, की पाच वर्षांत शंभरांतल्या पाचांहून अधिकांना गंभीर इजा होऊ नये. म्हणजे सगळ्यांच्या मात्रेला लगाम घातला आहे तो सर्वांत हळव्या पाचांनी. उरलेल्या पंचाण्णवांतल्या पुष्कळांना कदाचित अधिक सोसले असते आणि घशाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगात त्या अधिकाने एखाद्याचा रोग मुळातून गेलाही असता. उलट ते पाच सगळ्यांच्या वाटचे भोगतात. शाळेच्या गणवेशासारखे हे आहे: एकच माप शिवायचे, कोणाला ते ढगळ, कोणाला काचते. हे अन्यायाचे वाटते. पण कोण हळवा आणि कोण घट्ट हे आधी कळल्याशिवाय दुसरे करणार काय?

ते आधी कळावे म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षे खटपट चालली आहे आणि तिची कथा यशापेक्षा चिकाटीची अधिक आहे. आरंभी संशोधक ओळखीच्या जनुकांमागे लागले: डागडुजीची जनुके, जखमेवर वण आणणारी जनुके. लहान लहान अभ्यासांतून 'सापडले' अशा बातम्या येत. २०१२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी अशी ४६ जनुकांतील ९२ ठिकाणे सोळाशेहून अधिक रुग्णांत पुन्हा तपासली. त्यांतले एकही खरे ठरले नाही. मला हा निबंध फार आवडला. आपल्याच क्षेत्रातले दहा वर्षांचे काम पोकळ निघाले हे स्वच्छ लिहायला छाती लागते. आमच्या साहित्य-समीक्षेत अशी फेरतपासणी कोणी केली तर काय काय गळून पडेल, हा विचार येथे सोडून देते.

त्यानंतर रीत बदलली. २००९ मध्ये देशोदेशींच्या संशोधकांनी एकत्र येऊन संघ केला होताच. आता सबंध जनुकसंच चाळायचा आणि माणसे हजारोंनी घ्यायची. २०१४ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांत उशिरा होणाऱ्या त्रासाशी एका जनुकाचा संबंध दिसला. २०१६ मध्ये पाच हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिले, तेव्हा आपल्या त्या घंटेवाल्या ए.टी.एम. जनुकातील एका सामान्य फरकाने त्रास थोडा वाढतो असे आढळले. थोडाच. म्हणजे एक मोठा दोष नव्हे, तर शेकडो बारीक फरकांची बेरीज. युरोप-अमेरिकेत 'रिक्वाइट' नावाच्या प्रकल्पात स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुसांच्या चार हजारांवर रुग्णांची अशी नोंद ठेवली गेली. पण तिकडच्या माणसांची बेरीज आपल्याला जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. आपल्याकडे मणिपालच्या संशोधकांनी तोंड-घशाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत हे काम केले आहे. ते आणखी पुष्कळ व्हायला हवे.

फ्रान्समध्ये माँपेल्ये येथे दुसरीच वाट काढली. केसांना कलप लावण्यापूर्वी आपण तो कानामागे थोडासा लावून पाहतो ना, तसे. शेकापूर्वी रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, बाहेरच त्याला किरण द्यायचे आणि किती पांढऱ्या पेशी मरतात ते मोजायचे. सुमारे ५०० स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आपल्या अपेक्षेच्या उलटा: ज्यांच्या पेशी चटकन मेल्या त्यांना पुढे वणाचा ताठरपणा कमी आला. ज्यांच्या पेशी तग धरून राहिल्या त्यांना अधिक!

ह्या वाचनात मी असताना तिकडे अक्काचा तिढा झाला. तेराव्या शेकानंतर ती म्हणाली, "पुरे. दोन राहिले तर राहिले." मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलमपट्टी दिली, शांतपणे कागद पुढे ओढून आकडे लिहिले. २०११ मध्ये १७ चाचण्यांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. फक्त गाठ काढून स्तन राखलेल्या स्त्रियांत दहा वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण शेकावाचून शंभरांत ३५, शेक घेतल्यावर १९.

"कातडी भरून येते, बाई," ते म्हणाले. "हे सोळा जण मात्र भरून येत नाहीत."

अक्काने उरलेले दोन शेक घेतले. शेवटच्या शेकानंतरचे दहा दिवस सर्वांत वाईट गेले. तसे जातातच, हे आम्हांला आधी सांगितलेले होते. महिनाभरात नवी कातडी आली.

मग माझी भाची विचारू लागली. ती तिशीतली, बँकेत नोकरी करते, तिचे प्रश्न सरळ असतात. "मावशी, आईला इतकं बाधलं, म्हणजे माझ्यातही ते असणार. मी रक्त तपासून घेऊ का?" अक्काची आनुवंशिक कर्करोगाची तपासणी झालीच होती, ए.टी.एम. धरून एकाही जनुकात दोष निघाला नव्हता. डॉक्टरांनी भाचीला समजावून सांगितले ते असे: त्या तपासणीने रोगाची शक्यता कळते, शेक सोसेल की नाही हे कळत नाही. ए.टी.एम.चा एकेरी दोष घेऊन हिंडणारी माणसे शंभरांत एखादे असते; त्यांतल्या बहुतेकांना शेक इतरांसारखाच सोसतो आणि तेवढ्या कारणाने कोणी तो नाकारू नये. बी.आर.सी.ए.वाल्यांचेही तेच. टी.पी.५३ ह्या जनुकाचा जन्मजात दोष असेल तर मात्र शक्यतो शेक टाळतात. पण तेथे भय कातडीचे नसून किरणांमुळे नवा कर्करोग उद्भवण्याचे. भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला आज बाजारात विश्वासाची चाचणी नाही.

"आणि असती तर?" तिने विचारले.

मला हा प्रश्न पटला. अक्का हळवी आहे हे आधी कळते, तर कदाचित सबंध स्तन काढण्याचा पर्याय पुढे ठेवता आला असता, शेक कदाचित लागलाच नसता. कदाचित अधिक जपून दिला असता. पण 'तुम्ही हळव्या' असा कागद हातात पडल्यावर किती बायका घाबरून शेकच नाकारतील आणि त्या सोळांत जाऊन बसतील? अर्धवट चाचणीपेक्षा चाचणी नसलेली बरी, असे मला आज वाटते. चांगली चाचणी निघाली की हे मत मी आनंदाने बदलीन.

दीड वर्षाने अक्काची छाती आणि काख आतून ताठरली. हा उशिराचा त्रास. तो आधीच्या सोलण्याशी बांधलेला असतोच असे नाही, पण तिच्या वाट्याला दोन्ही आले. उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. फळीवरचा डबा तिला काढता येत नाही, अंबाड्यात गजरा माळता येत नाही. रोज व्यायाम करते; बोटभर फरक पडतो. कऱ्हाडच्या काकूंशी फोनवर बोलते. त्यांना हात वर करताना काहीच होत नाही. ते त्या पहिल्यांदा सांगायला लाजत होत्या. अक्कानेच खोदून विचारले. आता ती स्वतःचे काही चुकले असे म्हणत नाही. दूरच्या नणंदेला तिने स्वीडनच्या बायकांची गोष्ट सांगितली. नणंदेला ती फारशी पटली नाही.

गेल्या तपासणीला एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. शेकाचा त्रास जास्त झालेल्या आणि अजिबात न झालेल्या रुग्णांचे रक्त संशोधनासाठी हवे होते. अक्काने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"ह्याचा मला काही उपयोग?"

"तुम्हांला नाही, आजी," ती मुलगी म्हणाली.

अक्काने डाव्या हाताने कागद धरला, उजव्याने सही केली आणि बाही वर सारताना विचारले, "कऱ्हाडच्या एक बाई आहेत. त्यांना काहीसुद्धा झालं नाही. त्यांचा नंबर देऊ का?"